आष्टी ते मुंढवा : धान्याच्या उलट प्रवासाचा मागोवा

बालाघाटाची डोंगररांग पश्चिमेकडे ठेंगणी होत होत जेथे सीना नदीच्या खोऱ्यात विरून जाते, त्या उतरणीवर बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका पसरलेला आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण होईपर्यंत सीनेचे पात्र ही केवळ दोन जिल्ह्यांची शीव नव्हती. अलीकडे निजामाचा अंमल आणि पलीकडे इंग्रजांचा, अशी ती दोन राज्यांची सरहद्द होती, आणि महसूल, जकात, अबकारी, फौजदारी अशा प्रत्येक बाबतीत नदी ओलांडणाऱ्याला निराळा कायदा भेटत असे. जमीन मात्र दोन्ही तीरांवर सारखीच आहे : कुठे काळ्या खडकावर वीतभर मुरमाड माती, कुठे खोलगट भागात भारी काळी, आणि पाऊसही दोन्हीकडे सारखाच बेभरवशाचा, कारण सह्याद्री ओलांडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांजवळ येथवर पोहोचेपर्यंत देण्यासारखे फारसे उरलेले नसते.

अशा भूमीत जे धान्य मनुष्याला इमानाने साथ देते ते म्हणजे रब्बीची ज्वारी. परतीच्या पावसाची ओल धरून पेरलेली ही ज्वारी पुढे जवळजवळ निव्वळ जमिनीतल्या ओलाव्यावर आणि थंडीवर वाढते; मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही जात गेली कित्येक दशके या भागाची अन्नदात्री आहे, आणि तिचा कडबा जनावरांचा आधार आहे. पौषात कणसे दुधावर येतात तेव्हा शिवारात आगट्या पेटतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजून तळहातावर चोळली जातात, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तो हिरवा, ऊनऊन हुरडा खाण्यासाठी पुण्यामुंबईची माणसेही हल्ली मुद्दाम येतात. हुरडा गोड का लागतो, याचे उत्तर वनस्पतिशास्त्र देते : त्या अवस्थेत दाण्यातील शर्करेचे पिष्टात रूपांतर पूर्ण झालेले नसते. आठपंधरा दिवस गेले की दाणा टणक होतो, माधुर्य पिष्टाच्या कोठारात बंद होते, आणि ते कोठार पुन्हा उघडण्याची युक्ती एकट्या अंकुराजवळ असते. बीज रुजू लागले की त्यातील प्रकिण्वे पिष्टाची पुन्हा शर्करा करू लागतात, म्हणजे धान्य हुरड्याच्या दिशेने उलट चालू लागते. आणि या उलट प्रवासाला योग्य क्षणी थांबवून, वाळवून, भाजून जो पदार्थ सिद्ध होतो त्याला जगभर माल्ट म्हणतात.

इंग्रजांनी या माल्टपासून, सातूच्या माल्टपासून, एक तांबूस, मंद, धान्याच्या रसाने भरलेले पेय शतकानुशतके जोपासले आहे, त्याला ते एल म्हणतात; आणि पुण्याच्या पूर्वेस मुंढव्यात एका लहान मद्यशाळेत थंडीच्या दिवसांत त्याच पद्धतीचे एल तयार होते असे कळले, तेव्हा धान्याची ही परिणती प्रत्यक्ष पाहावी आणि चाखावी, एवढ्या हेतूने मी आष्टी सोडली. आमच्या तालुक्यातील माणसाने मद्याच्या आस्वादाविषयी लिहावे, ही गोष्ट साधी नाही, याची मला जाणीव आहे. घरोघर तुळशीची माळ आहे. हातभट्टीने आणि देशी दारूच्या दुकानांनी उद्ध्वस्त केलेले संसार मी जवळून पाहिले आहेत. आणि ज्या ज्या गावच्या स्त्रियांनी मतदानाने बाटली ‘आडवी’ करून दारूचे दुकान बंद पाडले, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु मळीपासून गाळलेली, नशेखेरीज दुसरा कोणताच गुण नसलेली दारू आणि सावकाश आंबवलेले धान्याचे पेय यांना एकाच मापाने मोजणे मला न्याय्य वाटत नाही.

धान्य आंबवून पिण्याची रीत मराठवाड्यालाही परकी नाही. आमच्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात, अंबाजोगाई-परळीकडे, आणि पुढे लातूर-धाराशिवात वेळ अमावास्येला शेतात कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा होते, आणि त्या दिवशीच्या जेवणाचा प्राण म्हणजे ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली आंबील. तिच्यात मद आलेला नसतो. जिवाणूंनी आणलेला आंबटपणा तेवढा असतो. पण मातीच्या भांड्यात धान्य आणि काळ यांना एकत्र ठेवले असता काहीतरी नवे निर्माण होते, हे ज्ञान आमच्या शेतकऱ्याजवळ पूर्वापार आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण असून त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे भेद सांगितले आहेत. त्यांपैकी मेदक हे तांदूळ आणि किण्व यांपासून होत असे. राज्यव्यवस्था आणि मद्य यांचे नाते किती जुने आहे, हे त्या प्रकरणावरून ध्यानी येते.

आष्टीहून नगरला आता आगगाडीने जाता येते. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या केवळ निवेदनांत आणि निवडणुकीच्या भाषणांत अस्तित्वात होता. २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टीपर्यंत पहिली प्रवासी गाडी आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, ती बीडला पोहोचली. कडा, धानोरा, सोलापूरवाडी, नारायणडोह अशी स्थानके घेत गाडी जाते तेव्हा दोन्ही बाजूंना फिकट हिरवी ज्वारी उभी असते, आणि मधूनमधून कुलपे लावलेली घरे दिसतात. ती ऊसतोड कामगारांची घरे होत. दिवाळीनंतर या तालुक्यातली हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या उसावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गावात म्हातारीकोतारी आणि शाळेची मुले उरतात. जो ऊस ती तोडतात त्याच्याच मळीपासून देशी दारू बनते, आणि तीच दारू पुढे त्यांच्याच गावात विकली जाते. या चक्राचा विचार करताना मन विषण्ण होते.

डब्यात कड्याचे एक वृद्ध शेतकरी समोर बसले होते. मी कशासाठी निघालो आहे हे ऐकून त्यांना नवल वाटले. “गुरुजी, मोड आलेली जवारी तर गिऱ्हाईक हातात धरीत नाही,” ते म्हणाले. “खळ्यावर अवकाळी झाला, कणसाला मोड फुटले, की माल गेला. अन्‌ तिकडं मुद्दाम मोड आणतेत?” हा प्रश्न मला फार मार्मिक वाटला. शेतकऱ्याच्या खळ्यावर जे संकट आहे, तेच माल्टकाराच्या फरशीवर कौशल्य आहे. भेद एवढाच की एक न सांगता येते आणि दुसरे तासातासाला पाहून आणले जाते. सातू दोन दिवस आळीपाळीने भिजवून निथळवतात, दाण्यात सुमारे पंचेचाळीस टक्के पाणी मुरले की तो फरशीवर पसरतात, पुढचे चारसहा दिवस मुळे एकमेकांत गुंतू नयेत आणि ऊब साचू नये म्हणून लाकडी दाताळ्यांनी रात्रंदिवस परततात, आणि अंकुर कवचाबाहेर येण्यापूर्वीच भट्टीच्या उष्ण हवेने त्याची वाढ थांबवतात. यंत्रांच्या युगातही इंग्लंडमध्ये विल्टशायरच्या वॉरमिन्स्टरसारख्या गावी हे काम अद्याप फरशीवर, मनुष्याच्या हाताने चालते.

त्या गृहस्थांनी दुसराही प्रश्न विचारला, आणि तो अधिक अवघड होता : “अन्‌ सगळ्या जवारीची दारूच करू लागले, तर खायाला काय?” २००७ साली महाराष्ट्र शासनाने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अर्थसाहाय्य देण्याचे धोरण आखले तेव्हा नेमका हाच आक्षेप राज्यभर उठला होता, आणि तो मला तेव्हाही यथार्थ वाटला होता. पाण्याचा प्रश्नही त्याच्याच जोडीला येतो. मराठवाड्यातील बिअरचे मोठे कारखाने छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत, जायकवाडीच्या पाण्यावर उभे आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागत असताना औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मितीच्या कारखान्यांच्या पाण्यात पन्नास टक्के आणि पुढे साठ टक्के कपात करण्याचा हुकूम दिला, तेव्हा टंचाई भोगणाऱ्या आम्हा लोकांना न्यायासनाने आपले दुःख ऐकले असे वाटले होते. मोठ्या कारखान्यात एक लिटर बिअरसाठी साधारण चार लिटर पाणी लागते, लहान मद्यशाळेत त्याहून जास्त. आणि धान्य पिकवण्याचे पाणी हिशेबात धरले तर हा आकडा काही शेकड्यांत जातो. म्हणून माझ्या मते धान्याचे पेय हे थोडे, सावकाश आणि जाणून घेऊन पिण्याची वस्तू आहे. घटाघटा रिचवण्याची नव्हे. कड्याच्या त्या गृहस्थांना मी एवढेच उत्तर देऊ शकलो, आणि त्यांनी ते मान हलवून ऐकून घेतले.

नगर शहराचा भुईकोट किल्ला निजामशाहीने उभारला, चांदबिबीने लढवला, आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने जिंकला. १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेसच्या नेत्यांना येथेच स्थानबद्ध केले होते हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. माझ्या विषयाशी संबंधित गोष्ट अशी, की पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या त्या सेनापतीच्या दख्खनमधील पत्रव्यवहारात बैल, तांदूळ आणि अर्क यांच्या पुरवठ्याचा घोर पुनःपुन्हा येतो. गोऱ्या शिपायाला रोज मोजून मद्य देणे हा फौजेच्या बंदोबस्ताचाच भाग होता, आणि ते मद्य म्हणजे प्रायः येथलाच उग्र, कमी प्रतीचा अर्क. त्याने आजारी पडणाऱ्या शिपायांची संख्या एवढी असे की पुढे एकोणिसाव्या शतकात सौम्य बिअर मिळावी म्हणून लष्करी अंमलदार आग्रह धरू लागले. हिंदुस्थानात इंग्रजी एलला बाजारपेठ मिळाली त्याचे हे एक कारण आहे.

नगरहून पुण्याकडे जाणारा रस्ता चास, सुपे अशी गावे मागे टाकून घोडनदीकाठी शिरूरला येतो. पेशवाईच्या अखेरच्या काळात येथे इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी होती, आणि तिच्या दफनभूमीत १८०९ साली निवर्तलेल्या कर्नल वॉलेसची समाधी आहे. शिरूरच्या आसपासचे लोक या इंग्रज अंमलदाराला सत्पुरुष मानीत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या समाधीपुढे ठेवीत, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. असईच्या रणांगणावर वेलस्लीच्या हाताखाली लढलेल्या एका परकीय सेनानीला दख्खनच्या कुणब्याने आपल्या देवांच्या पंक्तीत घ्यावे, आणि त्याला पशुबळी किंवा मद्य न देता सुगीचे पहिले धान्य द्यावे, हे वाचले तेव्हापासून ती जागा पाहण्याची मला ओढ होती. समाधी साधी आहे. परंतु आमच्या लोकांना कोणाला काय अर्पण करावे याची जी जन्मजात समज आहे तिचे दर्शन मला तेथे घडले.

याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला भीमेच्या काठी पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. रात्रभराच्या कुचीनंतर दिवसभर लढताना या शिपायांना, ज्यांत महार सैनिकांचा भरणा मोठा होता, अन्न तर नव्हतेच, पण समोर नदी वाहत असूनही बराच वेळ पाण्यापर्यंत पोहोचता आले नाही. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले आणि तेव्हापासून दर १ जानेवारीला त्या लढाईच्या जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी येणाऱ्यांची संख्या वाढतच गेली आहे. मी गेलो तेव्हा त्या दिवसाच्या गर्दीचे मांडव अद्याप उतरवले जात होते. तहान या शब्दाचा अर्थ आमच्या भागातील माणसाला सांगावा लागत नाही. त्या स्तंभापाशी मी काही वेळ थांबलो.

पुण्यात पोहोचल्यावर मी प्रथम शहराच्या दुसऱ्या टोकाला, खडकीला गेलो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे झालेल्या लढाईनंतर पेशवाई मोडली आणि खडकीची छावणी झाली. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एच. जी. मीकिन या इंग्रज उद्योजकाने सिमला, कसौली, रानीखेत, दलहौसी या थंड ठिकाणांच्या मद्यशाळांबरोबर खडकी येथेही मद्यशाळा चालवली. बाकीची सारी ठिकाणे हिमालयातली आणि एकटे हे दख्खनच्या पठारावर, याचा उलगडा छावणीत हिंडताना होतो : गिऱ्हाईक, म्हणजे गोरी पलटण, येथे होती. कसौलीची मूळ मद्यशाळा ज्याने चालवली तो एडवर्ड डायर हा जालियनवाला बागेत गोळीबार करणाऱ्या जनरल डायरचा पिता होय. खडकीच्या त्या मद्यशाळेची आज तेथे कोणाला आठवण नाही. मी विचारले त्या वृद्धांना रेंजहिल्स, ऑल सेंट्स चर्च आणि दारूगोळ्याचा कारखाना एवढ्याच खुणा ठाऊक होत्या.

मद्यशाळा येथे निघण्यापूर्वी एल सरळ विलायतेहून येत असे. लंडनच्या पूर्वेस बो येथे जॉर्ज हॉजसनने १७५२ साली सुरू केलेली मद्यशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होती, आणि जहाजांच्या कप्तानांना तो दीर्घ मुदतीच्या उधारीवर पिंपे देत असे. १८२२ नंतर बर्टन-ऑन-ट्रेंटच्या ऑल्सॉप आणि बास यांनी हा व्यापार काबीज केला, कारण बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपते आणि त्यातील कॅल्शियम सल्फेटमुळे फिकट, कडसर एल विशेष स्वच्छ उतरते. लंडनच्या खडूमिश्रित पाण्याला याउलट गडद, भाजलेला माल्ट मानवतो. पाणी भूमीचे, धान्य त्या पाण्याला साजेसे, आणि चव त्या दोहोंची : इंग्रजांच्या या पेयात प्रदेश असा मुरलेला असतो. आणखी एक योगायोग मला खडकीला उभा असताना आठवला. ज्या १८१७ साली या माळावर मराठ्यांचे राज्य बुडाले, त्याच साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले. त्यापूर्वी गडद रंगासाठी तपकिरी माल्ट मोठ्या प्रमाणात वापरावा लागे. या पिंपाने न जळता काळा होणारा माल्ट मिळू लागला, थोड्याशा दाण्यांनी सगळ्या पेयाला रंग येऊ लागला, आणि माल्ट भाजण्याच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर बेतलेली चवीची एक नवी भाषाच तयार झाली.

मुंढवा हे मुळा-मुठेच्या काठचे जुने गाव आता शहराच्या पोटात गेले आहे. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ नावाने देशातील अगदी आरंभीच्या लघु मद्यशाळांपैकी एक निघाली, आणि त्यानंतर या परिसरात अनेक झाल्या. १९४९ चा दारूबंदी कायदा येथे आजही लागू असून मद्य पिणाऱ्याने परवाना बाळगावा असे त्याचे म्हणणे आहे, बिअरसाठी वयाची अट एकवीस वर्षांची; मी माझा परवाना आधीच काढून ठेवला होता. मी गेलो त्या मद्यशाळेचा मद्यकार पुण्याचाच एक तरुण, कृषी पदवीधर, अत्यंत मृदुभाषी. त्याने प्रथम धान्य माझ्या हातात दिले. मॅरिस ऑटर नावाच्या दोनपदरी सातूचा तो माल्ट होता, केंब्रिजच्या वनस्पतिप्रजनन संस्थेत सिद्ध होऊन १९६० च्या दशकात प्रसारात आलेली ही जात; उत्पन्न कमी म्हणून मोठ्या कारखान्यांनी ती सोडली, पण चवीसाठी लहान मद्यशाळांनी तिला मरू दिले नाही. दाणा दाताखाली धरला तो कुरकुरीत फुटला आणि जिभेवर मंद गोडी आली. मग त्याने क्रिस्टल माल्ट दिला : हा ओला असतानाच बंद पात्रात सुमारे सत्तर अंशांवर शिजवतात, त्यामुळे कवचाच्या आतच पिष्टाची साखर होते, आणि मग तो भाजला की ती साखर काचेसारखी घट्ट होते. सगळ्या धान्यात याचे प्रमाण जेमतेम दहा टक्के, पण पेयाचा तांबूस रंग आणि काकवीसारखी गोडी बहुतांशी त्याचीच.

भरडलेले धान्य पासष्ट ते अडुसष्ट अंश उष्ण पाण्यात तासभर ठेवतात. या दोनचार अंशांतच सगळी विद्या आहे, असे तो तरुण म्हणाला : पाणी थोडे कमी तापलेले असेल तर आंबवणीत सरणारी शर्करा जास्त होते आणि पेय कोरडे उतरते, थोडे अधिक तापलेले असेल तर न आंबणारी शर्करा शिल्लक राहते आणि पेयाला अंग येते. तो अडुसष्टकडे झुकतो. मग गाळून घेतलेला गोड रस हॉपच्या फुलांबरोबर उकळायचा. केंटमधील फगल आणि गोल्डिंग्ज या जातींची ही फुले गोडीला कडवटपणाची धार देतात, पण इंग्रजी पद्धतीत त्यांनी धान्याच्या पुढे जायचे नसते. आणि शेवटी वरच्या बाजूस साय धरणारे यीस्ट, ज्याच्यामुळे पिकल्या फळांचा एक हलका वास येतो.

पेला समोर आला तेव्हा मी सवयीने तो अधिक गार मिळेल का, असे विचारले. “काका, गार नका मागू,” तो म्हणाला, “बाराच अंशांवर राहू द्या. गार केलं की माल्ट झोपतो.” हे माझ्या दृष्टीने प्रवासातले सर्वांत मोठे आश्चर्य. आपल्याकडे बिअर म्हणजे बर्फासारखी गार आणि शक्य तितकी तीव्र असा समज आहे. बाजारात खपते तीही प्रामुख्याने सात-आठ टक्के मद्यार्काची ‘स्ट्राँग’. हे एल साडेचार टक्क्यांच्या आसपास, वायू जेमतेम, फेस पातळ, रंग पाण्यात भिजलेल्या सागाच्या लाकडाचा. पहिल्या घोटात मला काहीच विशेष जाणवले नाही, कारण मी तीव्रता शोधीत होतो. त्याच्या सांगण्यावरून दुसरा घोट क्षणभर जिभेवर धरला, नाकाने श्वास सोडला, आणि चव हळूहळू उलगडत गेली : आधी सौम्य गोडी, मग तव्यावर उलटलेल्या भाकरीला जे तपकिरी डाग पडतात त्यांचा खरपूस स्वाद, आणि गिळल्यानंतर दीर्घ काळ टिकणारा, मातीसारखा कोरडा कडवटपणा. भाकरीचे ते डाग आणि माल्टचा तो रंग यांचे रसायन एकच आहे. उष्णतेने शर्करा आणि अमिनो आम्ले एकत्र येतात, आणि लुई-कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केल्यापासून ही क्रिया त्याच्या नावाने ओळखली जाते. ज्या प्रदेशाची जीभ रोज दोन वेळा भाजलेल्या धान्यावर वाढली आहे, त्या प्रदेशाला या चवीची ओळख नव्याने करून घ्यावी लागत नाही, हे मला त्या मेजापाशी निश्चित कळले. पेला हातात थोडा तापला तसा स्वाद अधिकच खुलला. अर्धा पेला प्यायला मला बराच वेळ लागला आणि तेवढ्याने माझे समाधान झाले.

इंग्लंडमध्येही हे पेय एकदा नामशेष होण्याच्या बेतात होते. मोठ्या कंपन्यांनी पिंपातल्या जिवंत एलच्या जागी गाळून, निर्जंतुक करून, वायू भरलेली बिअर सर्वत्र रूढ केली, तेव्हा १९७१ साली चार पिणाऱ्यांनी ‘कामरा’ नावाची चळवळ उभारली. आणि २००२ साली तेथील सरकारने लहान मद्यशाळांचा कर उतरवला, त्यानंतर खेड्यापाड्यांत अशा मद्यशाळांची संख्या झपाट्याने वाढली. ग्राहकांचा आग्रह आणि कराची योग्य आकारणी या दोहोंनी एखादी स्थानिक विद्या वाचते, हे आपल्या अबकारी खात्यानेही अभ्यासण्यासारखे आहे. आपल्याकडे महसुलाचा डोळा खपाच्या परिमाणावर असतो, गुणवत्तेवर नसतो.

निघण्यापूर्वी मी मालदांडीचा विषय काढला. आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टपासून बिअर करण्याची परंपरा प्राचीन आहे, आणि १९८८ साली नायजेरियाने सातूच्या माल्टची आयात बंद केल्यावर तेथील मोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडे वळावे लागले होते. तरुणाला हे ठाऊक होते, अडचणीही ठाऊक होत्या. ज्वारीचे पिष्ट सातूपेक्षा अधिक उष्णतेवर फुलते, आणि ते फुलेपर्यंत तिच्यातली प्रकिण्वे, जी मुळातच दुबळी असतात, निकामी होऊ लागतात. शिवाय ज्वारीच्या दाण्याला सातूसारखे कवच नसल्याने गाळताना चाळणी बसते. कोवळी ज्वारी खाऊन जनावर ज्या विषाने दगावते ते मोडातही असते, म्हणून मोड झाडून टाकून दाणा नीट भट्टीत वाळवावा लागतो. मी त्याला वेळ अमावास्येच्या आंबिलीविषयी आणि अवकाळीत मोड आलेल्या ज्वारीला पडणाऱ्या भावाविषयी सांगितले. असा माल जर नियंत्रित रीतीने मोड आणून विकता आला, तर शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक मिळेल, असे माझे म्हणणे. पण खळ्यावर भिजलेल्या दाण्यावर बुरशी असते, तो चालणार नाही, चांगलाच दाणा हवा, असे त्याने स्पष्ट सांगितले, आणि त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले.

तेवढ्यात मागच्या दाराशी एका गोठ्याचा टेम्पो आला. साखर काढून घेतलेले ओले धान्य, ज्याला हे लोक स्पेंट ग्रेन म्हणतात, त्याची पोती मांजरीकडच्या म्हशींसाठी रोज नेली जातात. त्यात प्रथिने भरपूर असल्याने गवळी ते आनंदाने घेतो. मालदांडीची काढणी फाल्गुनात होते. पहिली काही पोती निवडून, बुरशी आणि खडा न राहील अशी पाखडून मी मुंढव्याला पाठवावी, त्याने निम्मा सातू आणि निम्मी ज्वारी असा एक घाणा करून पाहावा, आणि त्याचा चोथा आष्टीच्या जनावरांनाही मानवतो का हे मी पाहावे, असे आमच्यात ठरले. तपमानाचे दोन टप्पे, आधी ज्वारी शिजवून मग सातू घालण्याचा क्रम आणि पाण्याचे मोजमाप त्याने मला एका कागदावर लिहून दिले आहे. पाण्याच्या आकड्याखाली मी त्याला मुद्दाम एक रेघ ओढायला लावली.